दर्भाचा कावळा

“इथे कावळे नाहीत का गं?” आईने विचारलं.

आन बांगच्या किनाऱ्यावर झावळ्यांच्या छत्रीखाली आम्ही दोघी निळ्या लाकडी आरामखुर्च्यांवर बसलो होतो. समोरचा समुद्र तळ्यासारखा शांत होता. माझ्या हातात बर्फ घातलेली कॉफी होती आणि ग्लासाच्या तळाशी बसलेलं घट्ट गोड दूध मी ढवळत होते.

“असतील कुठेतरी,” मी म्हटलं.

“आल्यापासून एकही दिसला नाही. चिमण्या आहेत. कोंबड्या तर प्रत्येक अंगणात आहेत. कावळा मात्र नाही.”

“आई, व्हिएतनामला येऊन तू कावळे शोधतेयस?”

“निरीक्षण आहे,” ती म्हणाली. “सवय जात नाही.”

हे पटण्यासारखं होतं. निवृत्त होईपर्यंत ती मिरजेत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. आमच्या घरात ग्रहणात जेवण चुकलं नाही आणि विटाळ कधी पाळला गेला नाही. पुण्याच्या विमानतळावर तपासणीत तिच्या पर्समधून काळ्या तिळांची पुडी निघाली, तेव्हा “तोंडात टाकायला, लोह असतं,” असं ती म्हणाली आणि मी पुढे काही विचारलं नाही.

या किनाऱ्यावर कुणालाच कसली घाई नव्हती. खुर्चीला भाडं नव्हतं. काहीतरी खायला-प्यायला मागवायचं आणि मग दिवसभर पडून राहायचं. होई आन या जुन्या गावातून, पिवळ्या भिंती आणि कंदिलांचे फोटो काढून झाले की परदेशी लोक भाड्याच्या सायकली घेऊन भाताच्या शेतांमधून इकडे येत, पाण्यात डुंबत, कैरी तिखटमीठ लावून खात आणि झोपून जात. आम्ही बसलो होतो ते खाणावळवजा दुकान माझ्या धाकट्या भावाचं, श्रीरंगचं, आणि त्याच्या बायकोचं होतं. बायकोचं नाव थुई. तिचं माहेर किनाऱ्यामागच्याच मच्छीमारांच्या वस्तीत होतं. फळ्यावर भाजलेल्या शिंपल्यांच्या खाली खडूने ‘मुंबई वडा’ लिहिलेलं होतं, आणि श्रीरंग आयुष्यात मुंबईत राहिला नव्हता.

आम्ही सहलीला गेलो नव्हतो. आदल्या ऑक्टोबरात नाना, म्हणजे आमचे वडील, गेले. श्रीरंग आला नाही. ‘पूर आलाय, रस्ते बंद, विमानं बंद’ एवढा त्याचा निरोप आला. अग्नी मी दिला, दहावं-तेरावं मी केलं. नानांनीच तसं सांगून ठेवलं होतं. आता पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि निदान त्याला तरी श्रीरंगने यावं, असं आईचं म्हणणं होतं. फोनवर तो ‘बघू’ म्हणायचा. तेव्हा आईनेच ठरवलं, आपण जाऊ आणि त्याला घेऊन येऊ. तिला गुडघ्याचा त्रास होता, तिने त्याआधी समुद्र ओलांडला नव्हता. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर रजा टाकली आणि तिला घेऊन निघाले. मलाही त्याच्याकडून एक उत्तर हवं होतं.

“आई, तू जेव,” थुई ताट घेऊन आली.

तिचं मराठी श्रीरंगकडून ऐकून शिकलेलं होतं. तो आईला जसं बोलायचा तसंच ती बोलायची.

“सासूला अहो-जाहो करतात,” आईने शिकवलं.

थुईने मान डोलावली आणि गंभीरपणे म्हणाली, “अहो आई, तू जेव.”

आई हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. थुई आमच्याबरोबरच वाळूत बसली. वरणभात तिने केला होता. वरण पातळ होतं, पण फोडणीला हिंग होता. तो ती कुठून आणते, हे आईने विचारलं, मग दुकान कधी काढलं, गिऱ्हाईक किती, पाऊस कधी सुरू होतो, असं बोलणं होत गेलं. थुईचं मराठी संपलं की ती इंग्रजीवर यायची.

“या खुर्च्यांचा रंग छान आहे,” आई म्हणाली.

“रंगने केला,” थुई म्हणाली. श्रीरंगला ती रंगच म्हणायची. “सगळ्या खुर्च्या. तुमचे नाना गेले, तेव्हा. फोन आला, मग तो काही बोलला नाही. खुर्च्या बाहेर काढल्या, रंगवल्या. वाळल्या, पुन्हा रंगवल्या. मी म्हटलं, जा घरी. तो म्हणाला, रंग ओला आहे.”

“पावसात वाळल्या?” मी विचारलं.

“पाऊस नाही. ऊन. खूप ऊन.” तिने डोळ्यांवर हात धरून दाखवलं. “पाऊस नंतर आला.”

मी आईकडे पाहिलं. ती भात कालवत होती. तिचा हात थांबला नाही. “वरणाला जरा गूळ घालत जा गं,” ती थुईला म्हणाली.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी श्रीरंगला गाठलं. तो सासऱ्याच्या होडीपाशी होता. तिथल्या होड्या म्हणजे बांबूच्या मोठ्या गोल टोपल्या, बाहेरून डांबरासारखं काळं काहीतरी लावलेल्या. त्याने ती वाळूत पालथी घातली होती आणि एका भेगेत चिंधीने लुकण दाबत होता. लुंगी, उघडं अंग, केसांत पांढरं. चाळिशीच्या आतच तो नानांसारखा दिसायला लागला होता.

“पूर नव्हता,” मी म्हटलं.

“होता की. गुगल कर.”

“नाना गेले तेव्हा नव्हता.”

त्याने चिंधी खाली ठेवली नाही. “तेव्हा ऊन होतं.”

“मग?”

“मग काय? तूच फोन केलास. ‘नाना गेले. जायच्या आधी म्हणाले, त्याची वाट बघू नका, रोहिणी करेल.’ असं म्हणालीस की नाही?”

“ते असंच म्हणाले होते.”

“माहितीय. तू एक शब्द इकडचा तिकडे करायची नाहीस. बातमीच दिलीस मला. मथळ्यासकट.”

“वाट बघू नका याचा अर्थ येऊ नको, असा होत नाही.”

“ज्याची कुणी वाट बघत नाही त्याने कशाला यायचं, ताई? गर्दी करायला?”

नाना पाटबंधारे खात्यात अभियंता होते. श्रीरंगने अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सोडलं, जहाजावर आचारी म्हणून गेला आणि पुढे न विचारता इथे लग्न केलं. तेव्हापासून नाना त्याच्याशी बोलले नव्हते. फोनची रिंग वाजली की रिसीव्हर आईकडे द्यायचे आणि खोलीतच बसून राहायचे. हे सगळं आम्हा दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे ते बोलण्यात अर्थ नव्हता.

“दहाव्याला कावळा शिवला?” त्याने अचानक विचारलं.

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात. दुपार झाली.”

कृष्णेच्या घाटावर मी पिंड ठेवला होता. कठड्यावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, जाणाऱ्याच्या मनात काही अडकलंय, जवळच्यांनी शब्द द्या. मग आमच्याकडे करतात तसं एकेकाने पुढे होऊन सांगितलं. मामा म्हणाले, जमिनीचा वाद आम्ही मिटवू. मी म्हणाले, आईला मी सांभाळीन. कावळे बसून होते. शेवटी आई उठली, पिंडाजवळ गेली, हात जोडून काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस, असं मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही नाही, नमस्कार केला. तरी कावळा आला नाही. उन्हाने लोक कावले. गुरुजींनी मग दर्भाच्या काड्यांना गाठ मारून कावळा केला, पिंडाला टेकवला आणि हात झटकत म्हणाले, “चला. खरा नसला की यावर निभावतं.” आम्ही घरी आलो. आई त्या दिवशी जेवली नाही. शरीर थकलं असेल, असं मला वाटलं.

यातलं शेवटचं सोडून मी सगळं श्रीरंगला सांगितलं.

“नाना हट्टीच,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “मेल्यावरही जेवेनात.”

“श्रीरंग, आईला घेऊन मी एवढ्या लांब आलेय. पुढच्या महिन्यात तू येणार आहेस की नाही, तेवढं सांग. सीझन आहे म्हणू नकोस. ऑक्टोबरात इथे माणूस फिरकत नाही, हे काल तूच सांगितलंस.”

तो भेगेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “येतो.”

“नक्की?”

“येतो म्हटलं ना. सांग आईला.”

मी आईला सांगितलं. ती श्रीरंगच्या घराच्या पडवीत लसूण सोलत बसली होती. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती “बघू या” एवढंच म्हणाली आणि सोललेल्या पाकळ्या वाटीत सारख्या करत राहिली.

सकाळी थुईच्या हाकेने जाग आली. वस्तीतून माणसं किनाऱ्याकडे चालली होती. धावत नव्हती, पण कुणी बोलतही नव्हतं. आम्ही दोघी मागोमाग गेलो. दुकानापासून थोड्या अंतरावर, लाटा संपतात तिथे, काळसर करडं काहीतरी पडलं होतं. लांबून मला ती उलटी होडी वाटली. जवळ गेल्यावर दिसलं, व्हेलचं पिल्लू होतं. माणसाहून लांब, एक डोळा अर्धवट उघडा, पाठीवर वाळू चिकटलेली. त्याच्या डोक्याशी श्रीरंग गुडघे टेकून बसला होता. खुर्च्या मांडायला तो सगळ्यांच्या आधी उठत असे. त्यानेच ते पहिल्यांदा पाहिलं होतं.

थुईचे वडील त्याच्या शेजारी उभे होते. सगळं आयुष्य समुद्रावर काढलेला, वाळलेल्या खोबऱ्यासारखा माणूस. त्यांनी श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्यांना काहीतरी सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. थुईने आम्हाला सांगितलं ते असं: इथले मच्छीमार याला ‘ओंग’ म्हणतात, म्हणजे आजोबा. वादळात होडी बुडायला लागली की हा तिला पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावतो. म्हणून तो मेला की त्याचं माणसासारखं करायचं. आणि ज्याला तो पहिल्यांदा दिसला, तो त्याचा थोरला मुलगा. बापाचं करावं तसं सगळं त्याने करायचं.

“मासा नाही हा,” आई म्हणाली. “फुप्फुसाने श्वास घेतो. पिलांना दूध पाजतो. आपल्यातलाच आहे.”

थुईने ते वडिलांना सांगितलं. म्हाताऱ्याने आईकडे पाहून मान झुकवली आणि दोन शब्द बोलला.

“ते म्हणतात, म्हणूनच,” थुई म्हणाली.

“सुतक किती?” आईने विचारलं.

हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. थुईला तो समजला नाही, मला इंग्रजीत सांगावा लागला.

“डोक्याचा पांढरा कपडा तीन वर्षं घरात ठेवायचा,” थुई म्हणाली. “शंभराव्या दिवशी मोठी पूजा. तोपर्यंत मुलाने गाव सोडायचं नाही.”

श्रीरंगने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“ताई, आता कसं येऊ?”

“म्हणजे?”

“ऐकलंस ना?”

“तू इथला नाहीस, श्रीरंग. त्यांना सांग, माझ्या बापाचं वर्षश्राद्ध आहे. दुसरा कुणीतरी उभा राहील. इथे काय माणसांची वाण आहे?”

“पहिल्यांदा मी पाहिला.”

“कुणासमोर?”

“काय?”

“तूच पहिल्यांदा पाहिलास, हे कुणी पाहिलं?”

त्याचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. आई मागून म्हणाली, “रोहिणी, पुरे.”

मी बाजूला झाले. कामाच्या सवयीने मी यापेक्षा वाईट प्रश्न यापेक्षा मोठ्या माणसांना विचारले होते. या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही आणि आजही माझ्याकडे नाही.

पुढचं सगळं ऊन चढायच्या आत झालं. बायकांनी तांदळाची दारू आणली आणि श्रीरंगने त्या दारूने प्राण्याला धुतलं. आधी डोळा, मग तोंड, मग लांब पाठ. कुणी त्याला सांगत नव्हतं, थुईचे वडील फक्त बोट दाखवत होते. नानांना घरी आणल्यावर मी त्यांना असंच पुसलं होतं, त्यांच्या कानामागे दाढीचा साबण राहिला होता. श्रीरंगच्या डोक्याला पांढरी पट्टी बांधली. लाल कापडात गुंडाळलेलं ते ओझं पुरुषांनी बांबूंवर उचललं. श्रीरंग अनवाणी पुढे चालला, हातात उदबत्त्यांची जुडी. सुरूच्या झाडांखाली त्यांचं छोटं देऊळ होतं आणि त्यामागे वाळूत अशाच जुन्या ओंगांच्या समाध्या. खड्डा तयार होता. ओझं खाली उतरवताना दोर त्याच्या हातातून सरकला आणि तो रडायला लागला.

मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो मार खाताना रडायचा नाही. आता तो तोंड उघडं टाकून, मोठ्याने, लाज सोडून रडत होता, आणि वस्तीतली माणसं त्यात काही वावगं नसल्यासारखी उभी होती. मुलगाच होता तो. त्याने रडायचंच होतं.

खड्डा बुजवल्यावर चटईवर भात, फळं, दारूचा पेला मांडला गेला. तेव्हा आई पुढे झाली. गुडघा दुखत असतानाही ती वाळूतून सरळ चालत गेली आणि श्रीरंगच्या शेजारी उभी राहिली. तिने पर्स उघडली. तिळांची पुडी बाहेर आली. मग रुमाल आला, आणि रुमालाच्या घडीत सुकलेल्या दर्भाच्या काड्या होत्या.

“रंगा, हे हातात घे,” ती म्हणाली. “नानांचं नाव घे आणि पाणी सोड.”

“आई, इथे?”

“इथेच.”

“हे वेगळं आहे गं...”

“मला कळतं काय वेगळं आहे ते. तू घे.”

त्याने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली. बाई परक्या गावात येऊन त्यांच्या आजोबांना आपल्या पद्धतीने काही वाहते आहे, यात त्याला हरकत घेण्यासारखं काही दिसलं नसावं. श्रीरंगने दर्भ बोटात अडकवला, ओंजळीत तीळ घेतले. थुईने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं.

“अंगठ्याच्या बाजूने,” आई म्हणाली. “हं. असं.”

त्याने नानांचं पूर्ण नाव घेतलं. रडून घसा बसला होता, तरी स्पष्ट ऐकू आलं. मग आईने चटईवरच्या वाडग्यातला थोडा भात मागून घेतला. तो चिकट भात होता, त्याचा गोळा चटकन वळला. वर तीळ घालून तिने तो सुरूच्या मुळाशी श्रीरंगकडून ठेववला आणि दोघं मागे सरकले. आई वर बघायला लागली. झाडांच्या शेंड्यांकडे, मग देवळाच्या कौलांकडे. तेव्हा कुठे मला कळलं, ती आल्या दिवसापासून काय शोधत होती. वर्षश्राद्धाला तो येईल यावर ती एक क्षणही विसंबून राहिली नव्हती. तीळ आणि दर्भ ती मिरजेहून घेऊन निघाली होती.

वर काहीच नव्हतं. वारा होता. लोक पांगायला लागले. श्रीरंग तसाच उभा होता, डोक्याला पट्टी, नाक वाहतंय.

देवळामागून एक तांबडी कोंबडी आली. पाय मोजून टाकत, मान पुढे-मागे करत आली, भाताच्या गोळ्यासमोर थांबली, एक डोळा त्याच्यावर रोखला आणि चोच मारली. मग भराभर खायला लागली.

“शिवला,” आई म्हणाली.

तिने हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. नाना गेल्यापासून मी तिला तसं पाहिलं नव्हतं.

“आई, कोंबडी आहे ती.”

“पक्षीच ना,” माझी विज्ञान शिकवणारी आई म्हणाली. तिने श्रीरंगच्या पाठीवरून हात फिरवला. “दमलास रे. चल, काहीतरी खा.”

ते दोघं वाळूतून घराकडे चालत गेले. त्याने तिला हाताला धरलं होतं, तिने त्याला. मी थुईबरोबर चटई आवरायला लागले. कोंबडी हाकलली नाही.

परत निघालो तेव्हा दा नांगच्या विमानतळावर आईने भूक लागली म्हणून सांगितलं. तिने नूडल्सचा मोठा वाडगा संपवला आणि वर कॉफी मागितली, ते घट्ट गोड दूध घातलेली.

“वर्षश्राद्धाचं गुरुजींना कळवून टाक,” ती म्हणाली. “नको म्हणावं.”

“का?”

“झालं ना त्यांचं. रंगाने केलं. त्यांनी घेतलं.”

“दहाव्याला घाटावर तू काय म्हणाली होतीस नानांना?”

तिने आता लपवलं नाही. “रंगाकडून करून घेईन, असा शब्द दिला होता. तेवढ्यासाठी अडले होते ते. तोंडाने म्हणाले, रोहिणी करेल. माणूस रागात बोलतो. तू लिहून घेतल्यासारखं धरून बसलीस.”

मी वाडग्यातला उरलेला रस्सा चमच्याने हलवत होते. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होई आनचे रंगीत कंदील घड्या घालून पिशवीत बसवत होतं.

“मग मी केलं ते काय होतं?” मी विचारलं.

आईने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या आवाजात खरी माया होती, हे मला नोंदवायला हवं.

“तू केलंस ना गं. तू होतीस म्हणून तर निभावलं.”

आमच्या विमानाची घोषणा झाली. मी तिची पर्स घेतली. ती आता हलकी होती.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली, माझ्याकडेच. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मी करवून घेतलं, पुढे तिला भरवलं, तिची कूस बदलली. घाटावर दिलेला शब्द मी पाळला. थुईने दर वर्षी कंदील पाठवला आणि आईने तो दर वर्षी दारात लावला. आई गेली तेव्हा मी श्रीरंगला फोन केला. या वेळी एवढंच सांगितलं, “आई गेली. तू येईपर्यंत थांबते.” तो लगेच निघाला. तोपर्यंत आईला शवागारात ठेवलं होतं. अग्नी त्याने दिला.

दहाव्याला मी घाटावर गेले नाही. त्या दिवशीची पहिल्या पानाची ड्युटी मी मागून घेतली होती. कावळा लगेच शिवला म्हणे, पिंड ठेवून हात मागे घ्यायचीही उसंत दिली नाही. मी ते पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने लिहीत नाही.